पोलादपूरचे रबर

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या माणसाला वाटेत महाड आणि पोलादपूर ही दोन गावे लागतात, पण त्याच्या मुक्कामांच्या यादीत ती नसतात. महाडला चहा घ्यायचा, पोलादपूरला एखाद्या पोराचे पोट ढवळले तर घटकाभर थांबायचे आणि पुढे कशेडीचा डोंगर ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात शिरायचे, एवढाच आपला या गावांशी पूर्वापार संबंध. आता तर कशेडीच्या पोटातून बोगदे निघाले आहेत. त्यामुळे घाट चढण्यापूर्वी पोलादपूरला गाडी थांबवायची आणि इंजिनला पाणी पाजायचे, हा जुना रिवाजही राहिला नाही. रायगड किल्ल्याचे यात्रेकरू महाडला वळतात, महाबळेश्वरचे हौशी प्रवासी पोलादपूरला वळतात. खुद्द गावांकडे मान वळवून पाहायला मात्र कोणाला सवड नसते.

वास्तविक नकाशा पुढे घेऊन बसले तर या दोन गावांना केवढे महत्त्व आहे ते ध्यानात येते. कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटा येथेच फुटतात. महाडहून वरंध घाटाने भोरकडे जाता येते. पोलादपूरहून आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वर गाठता येते. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरच्या अंगाने खाली येते, महाडला गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. या खाडीच्याच जोरावर महाड एके काळी नांदते बंदर होते. महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी रस्त्यावरून दिसतात. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. आणि महाडच्या चवदार तळ्याविषयी मी काय सांगावे? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या ओंजळीची गोष्ट साऱ्या देशाला ठाऊक आहे.

हे सारे शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचलेले असते. पुस्तकात नसलेली एक गोष्ट मात्र मला गेल्या हिवाळ्यात कळली. ती अशी की, या भागात मोटारींचे फार जाणते कारागीर आहेत. त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. तिन्ही बाजूंना घाट, चार महिने धो धो पाऊस आणि २०११ सालापासून रुंदीकरणाच्या नावाखाली वर्षानुवर्षे उकरलेला महामार्ग! ज्या मुलखात रस्ताच मोटारींची रोज परीक्षा घेतो, तेथे परीक्षेत नापास झालेल्या मोटारींचे वैद्य तयार व्हावेत, यात नवल ते काय?

आम्ही महाबळेश्वरहून खाली उतरत होतो. आम्ही म्हणजे दादा, वहिनी, भाचा आणि मी. मोटार दादाची, अर्थात चालवणाराही तोच. या मोटारीला वर्षभर एक विचित्र व्याधी जडली होती. सरळ रस्त्यावर ती शहाण्या मुलासारखी धावे. पण वेगात असताना ब्रेक लावला की स्टिअरिंगला कापरे भरे. हिवताप आलेल्या माणसाचे हात थरथरावेत तसे ते चाक दादाच्या हातात थरथरे. वेग तीस-चाळीसवर आला की थरथर आपोआप थांबे. शहरातल्या ज्या कारखान्यात ही मोटार नेमाने जाते, तेथे तिच्या पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या डिस्क एकदा लेथवर घासून झाल्या, पॅड बदलून झाले, पुढे डिस्कही नव्या घालून झाल्या. दर वेळी महिना-दोन महिने गुण येई आणि पुन्हा मूळ पदावर. पैसे मात्र दर वेळी जात ते परत येत नसत.

आंबेनळीच्या घाटाला जुने लोक फिट्झगेराल्ड घाट असेही म्हणतात. महाबळेश्वरपासून पोलादपूरपर्यंतचा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरचा, पण तेवढ्यात तो माणसाला बाराशे मीटरांहून अधिक खाली आणून सोडतो. वरच्या अंगाला जांभळाची, हिरड्याची गर्द झाडी आणि अंगावर शहारा आणणारा गारवा. खाली पोलादपूरला उतरावे तो पंखा लावावासा वाटतो. मध्ये वाडा-कुंभरोशीला प्रतापगडाकडे जाणारा फाटा फुटतो. त्या फाट्यावर उभे राहिले की १० नोव्हेंबर १६५९ या दिवसाची आठवण कोणाही मराठी माणसाला होतेच. एवढी मोठी फौज घेऊन आलेला अफझलखान या जावळीच्या खोऱ्यात का अडकला, हे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा त्या रस्त्याची दहा वळणे उतरल्यावर अधिक चांगले समजते.

फाट्याच्या पुढे उतार आणि वळणे यांचा खेळ सुरू होतो. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला दरी. याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. महाबळेश्वरच्या सहलीला निघालेली ती मंडळी. त्यांतला एक जण तेवढा जिवंत परत आला. तो दिवस आठवला की घाटातल्या गप्पा आपोआप बंद होतात. आमच्याही झाल्या. दादा गाडी दुसऱ्या गिअरात ठेवून सावकाश उतरवत होता. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात तो उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा मंत्र त्याला पाठ आहे. सारा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापतात, त्यांतले तेलही तापते, आणि ऐन वेळी पेडल पायाखाली नुसते मऊ लागते. इंजिनाने गाडी धरून ठेवली की ब्रेक ताजे राहतात. तरीही घाट संपता संपता एका सरळ उतारावर समोरून ट्रक आला, ब्रेक जरा जोराने लावावा लागला आणि स्टिअरिंग असे काही थरथरले की मागे बसलेल्या वहिनीने माझा हात धरला तो पोलादपूर येईपर्यंत सोडला नाही.

"आता जे काय व्हायचे ते या गावात," असे म्हणून दादाने पहिल्या दिसलेल्या गॅरेजपुढे गाडी उभी केली.

गॅरेज म्हणजे पत्र्याचे एक छप्पर, पुढे तेलाने काळी झालेली जमीन, एका भिंतीवर ओळीने टांगलेले पाने आणि दुसऱ्या भिंतीवर गणपतीचे कॅलेंडर. मिस्त्री साठीच्या आसपासचे. दादाने व्याधीचा सारा इतिहास सांगितला: लेथ, पॅड, नव्या डिस्क, बिले. मिस्त्रींनी तो एखाद्या जुन्या वैद्यासारखा मान खाली घालून ऐकला. मग चारच प्रश्न विचारले.

"साहेब, ब्रेक न मारता ऐंशीनं गाडी थरथरते का?"

"नाही."

"ब्रेक मारल्यावर पायाखालचं पेडल उड्या मारतं, का हातातलं चाक?"

"पेडल अगदी थोडं. चाक मात्र जोरात."

"ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते?"

"जराशी. डावीकडे."

"आणि मागं घेताना ब्रेक मारला की पुढून 'टक्' असा आवाज येतो?"

दादा विचारात पडला, पण वहिनी गाडीतूनच म्हणाली, "येतो हो! रोज सकाळी गाडी फाटकातून मागे घेताना येतो. मला वाटे, फाटकाचाच असेल."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. "मग साहेब, डिस्कच्या मागं लागू नका. वहिनीसाहेबांनी बरोबर ऐकलंय." त्यांनी भाच्याला जवळ बोलावले, त्याला चाकाच्या बाजूला, गाडीपासून हातभर दूर, उकिडवे बसवले आणि दादाला गाडी पावलाच्या गतीने पुढे-मागे घेत हलका ब्रेक लावायला सांगितले. "बाळ, चाकाकडं बघ नुसतं. काय दिसतंय सांग."

"चाक मागे सरकतंय!" भाचा ओरडला. आम्ही सारे वाकून पाहू लागलो. खरेच, ब्रेक लागताच ते चाक वरच्या पत्र्याच्या कमानीत करंगळीच्या अर्ध्या पेराएवढे मागे सरके आणि ब्रेक सुटला की पुन्हा जागेवर येई. वर्षभर या चाकावर इतके पैसे खर्च झाले, पण त्याच्याकडे असे नुसते बसून कोणी पाहिले नव्हते.

गाडी जॅकवर चढली, खाली लाकडी ठोकळे लागले, चाक निघाले, आणि मिस्त्रींनी एक लहान पहार आत घालून जरा दाबली. एक जाड लोखंडी दांडा आपल्या जागेवर खिळखिळ्या दातासारखा हलला. त्याच्या मुळाशी काळे रबर होते आणि त्याला भेगा पडून ते एका बाजूने पार सुटले होते.

येथे वाचकांना थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. मी मराठी शिकवणारी बाई. तेव्हा ते मला जसे समजले तसेच सांगते. मोटारीचे पुढचे चाक मोटारीच्या सांगाड्याला थेट ठोकलेले नसते. खालच्या बाजूने एक लोखंडी हात त्याला धरून असतो. गॅरेजात त्याला लोअर आर्म म्हणतात. आमच्या मोटारीत त्याचा आकार साधारण काटकोनासारखा होता. एक टोक चाकाकडे, आणि दोन टोके सांगाड्याला बांधलेली. चाक खड्ड्यात गेले की हा हात वर-खाली हलतो. पण तो पुढे-मागे हलता कामा नये. ही दोन टोके जेथे सांगाड्याला जोडतात तेथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये एक गट्टू घातलेला असतो: बाहेर पोलादाची नळी, आत पोलादाची दुसरी बारीक नळी आणि दोहोंच्या मध्ये चिकटवून बसवलेले रबर. हाच बुश. काही जुने मिस्त्री त्याला 'सायलेंट ब्लॉक' म्हणतात, आणि ते नाव अगदी सार्थ आहे. पूर्वीच्या मोटारींत अशा कितीतरी सांध्यांना वरचेवर ग्रीस पाजावे लागे, नाहीतर ते कुरकुरत. या रबराला तेल लागत नाही, पाणी लागत नाही, ते बोलतही नाही. रस्त्याचा प्रत्येक धक्का ते गुपचूप सोसते. म्हणूनच ते कधी फाटते ते कोणाला कळत नाही.

आता थरथर कोठून येते? ब्रेकची डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. ही थाळी सगळीकडे तंतोतंत सारख्या जाडीची राहत नाही. कोठे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाने जाड, कोठे तितकीच पातळ. जाड भाग चिमटीत आला की पकड किंचित घट्ट होते, पातळ आला की सैल. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाला लहान मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे बारा फेऱ्या घेते. म्हणजे सेकंदाला बारा वेळा त्या लोखंडी हाताला मागे हिसका बसतो. बुश धडधाकट असेल तर एवढासा हिसका तो गिळून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. बुश फाटलेला असेल तर सारा हातच पुढे-मागे डोलू लागतो, चाक डोलते, आणि चाकाला जोडलेला दांडा स्टिअरिंगपर्यंत तो डोल पोहोचवतो. झोक्याला ठरावीक वेळी हात लावला की झोका चढत जातो ना? तसेच ते. ठरावीक वेगालाच हिसक्यांचा ताल आणि त्या हाताचा डोल जुळतो, म्हणून थरथर ठरावीक वेगालाच येते आणि वेग उतरला की नाहीशी होते.

"मग डिस्क घासल्यावर महिनाभर गुण का यायचा?" दादाने विचारले.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "वारा सुटला की दार खडखडतं, साहेब. खिडकी लावली की वारा थांबतो आणि दारही गप्प बसतं. पण बिजागरी सैल ती सैलच. पुन्हा वारा आला की पुन्हा खडखड."

व्याकरण शिकवताना मी वर्षानुवर्षे दृष्टान्ताच्या शोधात असते. इतका चोख दृष्टान्त मला क्वचितच मिळाला आहे. घासलेली डिस्क काही दिवस सपाट राहते, हिसके थांबतात, म्हणून डोल थांबतो. पुढे ती पुन्हा झिजते, जरासा उंचसखलपणा येतो आणि सैल हाताला तेवढे निमित्त पुरते. अर्थात दर वेळी बुशच दोषी असतो असे मिस्त्रींनी मुळीच म्हटले नाही. पेडल पायाखाली धडधडत असेल तर डिस्ककडेच पाहावे. ब्रेक न लावताही गाडी थरथरत असेल तर चाकांचा तोल पाहावा. पण आधी बिजागऱ्या पाहाव्यात आणि मग वाऱ्याला शिव्या द्याव्यात, एवढेच त्यांचे म्हणणे.

नवे बुश आणि ते दाबून बसवण्याचा प्रेस पोलादपूरच्या त्या गॅरेजात नव्हता. दोन्ही महाडला मिळणार होते. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे आर्म सोडवले. एका बाजूचा बुश फाटला असला तरी दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा असतो. एकच बदलला तर गाडी एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे सैल. आर्म पोत्यात गुंडाळून हाताखालचा पोरगा मोटारसायकलवरून महाडला रवाना झाला. आम्हांला तीन तासांची सुट्टी मिळाली.

मी तिचा उपयोग एका जुन्या ऋणाची आठवण करण्यासाठी केला. शिवाजी महाराजांचे चरित्र 'शिवभारत' या नावाने संस्कृतात लिहिणारे कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपूरला आहे. महाराजांच्या हयातीत, त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलेले ते काव्य. समाधीपाशी आम्ही गेलो तेव्हा दुपार होती आणि आमच्याशिवाय कोणी नव्हते. हा थोर पुरुष येथे स्वस्थ झोपला आहे, आणि थोड्याच अंतरावरून रोज हजारो मोटारी भोंगे वाजवत गोव्याकडे धावत आहेत! भाच्याने विचारले, "आत्या, या गावाला पोलादपूर का म्हणतात? इथे पोलाद होते का?" नावाची व्युत्पत्ती काय असायची ती असो, आज मात्र आमचे सारे भवितव्य या पोलादाच्या गावात वीतभर रबरावर अवलंबून होते, असे मी त्याला सांगितले. त्याला ते फारसे विनोदी वाटले नाही.

चारच्या सुमारास पोरगा परत आला. नवे बुश आर्ममध्ये घट्ट बसून आले होते. जुने बुश त्याने आठवणीने परत आणले होते; गिऱ्हाइकाला ते दाखवायचे, असा त्या गॅरेजचा नियम. मी एक हातात घेतला. बाहेरचे पोलाद जवळजवळ नव्यासारखे होते. आतले रबर वाळलेल्या भाकरीसारखे तडकले होते. उन्हाने, चिखलाने, वयाने आणि एका बाजूने इंजिनाचे तेल ठिबकल्याने त्याचा जीव गेला होता. तेल हे लोखंडाला अमृत असले तरी अशा रबराला विष असते; म्हणून बुश दाबताना जाणते लोक त्याला तेल न लावता साबणाचे पाणी लावतात.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी केली, ती प्रत्येक मोटारवाल्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. आर्म जागेवर बसला, बोल्ट घातले, पण ते शेवटचे आवळले नाहीत. आधी चाके लावली, गाडी जमिनीवर उतरवली, चार वेळा दाबून तिला नीट बसू दिली, आणि मग स्वतः खाली शिरून बोल्ट आवळले. दादाने कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "जॅकवर असताना चाक खाली लोंबतं. तेव्हाच आवळलं तर गाडी खाली उतरल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो. पिळलेलं रबर वर्षभरही टिकत नाही. माणूस उभा राहील तसं अंगरख्याचं माप घ्यायचं, लोंबकळत असताना घ्यायचं नाही."

मग ते दादाशेजारी बसून महामार्गावर चक्कर मारून आले. दादा उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर बारावीचा निकाल लागल्यासारखा आनंद होता. ऐंशीवरून ब्रेक लावला. स्टिअरिंग हलले नाही. पुन्हा लावला, नाही. मजुरी धरून सारा खर्च शहरातल्या एका डिस्कच्या बिलापेक्षा कमीच झाला. "महाडला गेल्यावर चाकांचं अलाइनमेंट तेवढं करून घ्या," असे बजावून मिस्त्री दुसऱ्या गाडीकडे वळले. तेथे एक टेम्पो त्यांची वाट पाहत उभा होता.

पोलादपूर ते महाड अंतर वीस किलोमीटरांच्या आतबाहेर. दिवस कलला होता. महाड येण्यापूर्वी सावित्रीवरचा पूल लागला आणि दादाने कोणी न सांगता गाडीचा वेग कमी केला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुसळधार पावसात, येथला जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. १९२८ साली बांधलेला इंग्रजी अमदानीतला पूल. अंधारात त्यावर आलेल्या एस. टी. च्या दोन बसगाड्या आणि इतर वाहने माणसांसकट नदीत गेली. शेजारचा दुसरा पूल उभाच होता. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे तेव्हा सरकारकडून सांगण्यात आले. पुढे नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला.

मी काही इंजिनिअर नव्हे. तो पूल नेमका कशाने गेला, यावर मी मत देणार नाही. पण दुपारी पाहिलेले ते सरकणारे चाक माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हते. पुष्कळ आधुनिक पुलांतही वरची तुळई आणि खालचा खांब यांच्या मध्ये रबराचे आणि पोलादी पत्र्यांचे थर असलेली गादी असते. उन्हाने पूल वाढतो, थंडीने आखडतो, ओझ्याने वाकतो, ते सारे ती गादी सोसते. मोटार असो की पूल, वरून गुळगुळीत दिसतो त्या भागावर आपली नजर जाते. ज्यावर सारे टेकलेले असते ते खाली, अंधारात, चिखलात असते. तेथे कोणी तरी वाकून पाहावे लागते.

महाडला आम्ही दिवेलागणीला पोहोचलो. अलाइनमेंटच्या दुकानात गाडी लावली. दुकानदाराने भिंतीवर माणसापेक्षा उंच अशी एक पुसट मातकट रेघ दाखवली. २२ जुलै २०२१ च्या महापुराची ती खूण. सावित्री आणि गांधारी दोघी मिळून गावात शिरल्या. बाजारपेठेत माणसे वरच्या मजल्यांवर अडकली, खाली मोटारी बुडाल्या. त्याच दिवशी याच तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि घरेच्या घरे गाडली गेली. आंबेनळीचा घाटही तेव्हा जागोजागी तुटला होता. "पाणी ओसरल्यावर दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही, ताई," दुकानदार म्हणाला. "प्रत्येक गाडीच्या प्रत्येक सांध्यातून चिखल काढला. काही गाड्या वाचल्या, काही नाही. गाव मात्र पुन्हा उभं राहिलं."

चाके सरळ होईपर्यंत आम्ही चवदार तळ्यावर जाऊन आलो. काठावर बाबासाहेबांचा पुतळा आहे. एक कुटुंब पोराबाळांसह पायऱ्यांवर बसले होते, आणि आजी नातीला तळ्याची गोष्ट सांगत होती. त्याच वर्षी, २५ डिसेंबर १९२७ ला, याच गावात मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याच्या हक्काचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे! पाणी पिण्याच्या हक्कासाठी! वरून शांत दिसणाऱ्या समाजाच्या तळाशी कोठे, काय, केव्हापासून तडकलेले आहे, हे पाहायलाही कोणी तरी वाकावे लागले होते. ते वाकणे पान्याने बोल्ट आवळण्याइतके सोपे नव्हते, हे सांगायला नकोच.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कोकणात किंवा महाबळेश्वरला निघणार असाल, तर फराळाचे डबे गाडीत भरण्यापूर्वी एक करा. गाडी फाटकातून मागे घेताना काचा खाली घ्या, गाणी बंद करा आणि ब्रेक लावल्यावर पुढून 'टक्' असा आवाज येतो का ते ऐका. ब्रेक लावताना स्टिअरिंगला कापरे भरत असेल, टायर एकाच कडेला झिजत असतील, गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मोठा खर्च करण्यापूर्वी कोणा जाणत्या मिस्त्रीला खालचे बुश पाहायला सांगा. घरात रोज तो आवाज ऐकणारे पण कोणी न विचारल्यामुळे गप्प राहिलेले एखादे माणूस असेल, तर त्यालाही विचारा. आमच्या वहिनीला वर्षभर कोणी विचारले नव्हते.

आणि पोलादपूरला गाडी थांबवा. तेथे चहा चांगला मिळतो, कवींद्र परमानंदांच्या समाधीपाशी सावली आहे, आणि उतरून आलेल्या घाटाकडे मान वर करून पाहिले, तर आपण केवढ्या उंचीवरून केवढ्याशा रबराच्या भरवशावर सुखरूप खाली आलो, हे नीट दिसते.